एकाच औषधाचे दोन वर्ण

मे २०२१ मधील गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती आणि काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, महाराष्ट्रात थैमान घातले होते. रात्री अकराच्या सुमारास घाटकोपरच्या एका कार्यकर्त्याचा आम्हाला फोन आला. ‘‘जयभीम साहेब. मेहुण्याला अ‍ॅडमिट केलंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लायपोसोमल अँफोटेरिसिन लिहिलंय. ते कुठेच मिळत नाही. साधं अँफोटेरिसिन मिळतंय. नाव तर एकच आहे, मग साधं दिलं तर चालेल ना?’’ आम्ही वकील, डॉक्टर नव्हे. त्या रात्री आमच्याकडे उत्तर नव्हते. मेहुण्याला अखेर साधेच इंजेक्शन मिळाले. जीव वाचला, एक डोळा गेला आणि किडनीच्या तपासण्या पुढे वर्षभर चालू राहिल्या.

त्या एकट्याची ही कथा नाही. जुलै २०२१ च्या मध्यापर्यंत देशात काळ्या बुरशीचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये त्यात सर्वांत पुढे होती. परंतु ‘नाव एकच, मग फरक काय?’ हा त्या कार्यकर्त्याचा प्रश्न आमच्या डोक्यातून आजही गेलेला नाही. कारण त्या प्रश्नाचे उत्तर आहे नॅनो तंत्रज्ञान. आणि हे उत्तर वैद्यकशास्त्रापाशी संपत नाही. ते कायद्यापाशी आणि समाजव्यवस्थेपाशी येऊन पोहोचते.

आधी विज्ञान समजून घेऊ. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, तर रक्तातील एक तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटरची असते. औषध शंभर-सव्वाशे नॅनोमीटरच्या कणात बसवले की त्याचे शरीरातले वागणे बदलते. ते कुठे जाते, किती वेळ रक्तात टिकते, कुठल्या अवयवाला इजा करते, हे सारे बदलते. रेणू तोच, पण त्याचा प्रवास वेगळा.

अँफोटेरिसिन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हे औषध काही नवे नाही. १९५० च्या दशकात ते मातीतल्या जीवाणूपासून मिळाले आणि गेली साठहून अधिक वर्षे ते बुरशीचे आजार बरे करीत आले आहे. बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणाला चिकटून ते त्या आवरणाला भोके पाडते. दुर्दैवाने माणसाच्या पेशींनाही ते थोडेफार चिकटते आणि त्याचा सर्वांत मोठा मार मूत्रपिंडावर बसतो. शास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला. चरबीच्या द्रव्यापासून शंभर नॅनोमीटरहूनही लहान बुडबुडे तयार करून त्यांच्या पापुद्र्यात हे औषध बसवले. या बुडबुड्याला लायपोसोम म्हणतात. तो औषध धरून ठेवतो आणि बुरशीपाशी सोडतो, त्यामुळे मूत्रपिंडाची हानी पुष्कळ कमी होते. अमेरिकेत असे लायपोसोमल अँफोटेरिसिन १९९७ साली मंजूर झाले. त्याआधी १९९५ मध्ये कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे जुनेच औषध लायपोसोममध्ये घालून ‘डॉक्सिल’ या नावाने बाजारात आले होते. मूळ औषध हृदयाला इजा करी. लायपोसोममधले पुष्कळ कमी करते. पुढे २००५ मध्ये पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध अल्ब्युमिन या प्रथिनाच्या नॅनो कणात बसवून अमेरिकेत मंजूर झाले. कोरोनाच्या काळात परदेशात कोट्यवधी लोकांना दिलेल्या फायझर व मॉडर्नाच्या लसीही चरबीच्या नॅनो कणांतूनच दिल्या गेल्या.

म्हणजे नॅनो वैद्यक ही भविष्यातली परीकथा नाही. ते आपल्या दवाखान्यात, आपल्या चिठ्ठीवर केव्हाच आलेले आहे. प्रश्न एवढाच आहे की, ते कोणाच्या शिरेत जाते?

इथे हिशेब मांडला पाहिजे. काळ्या बुरशीसाठी लायपोसोमल अँफोटेरिसिनची मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज किमान ५ मिलिग्रॅम धरतात. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज सहा कुप्या. २०२१ मध्ये बाजारात एका कुपीची किंमत सात हजार रुपयांपर्यंत सांगितली जात होती. दिवसाला ४२ हजार. चौदा दिवस उपचार चालला तर ५ लाख ८८ हजार. एवढी रक्कम केवळ एका औषधाची. शस्त्रक्रिया, खाट, तपासण्या वेगळ्या. त्या काळी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. साधे अँफोटेरिसिन मात्र काहीशे रुपयांत कुपी मिळत होती आणि कुप्याही कमी लागत होत्या.

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहा. औषध एकच. एक रूप किडनी सांभाळणारे, दुसरे किडनी पणाला लावणारे. पहिले ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी, दुसरे आमच्या वस्त्यांसाठी. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या देशाच्या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्या विषमतेची खूण अशी की, इथे कोणी पूर्णपणे वंचित असतो असे नाही. प्रत्येकाला काही ना काही मिळते, पण पायरीप्रमाणे मिळते. काळ्या बुरशीच्या त्या महिन्यांत औषधालाही वर्ण पडले होते. गरिबाला औषध मिळालेच नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. मिळाले, पण त्याच्या पायरीचे मिळाले.

डॉक्टरांना सरसकट दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चांगले रूप हाताशी नसताना साधे देऊन, सलाइन चढवून, रोज रक्त तपासून ज्यांनी जीव वाचवले त्यांचे ऋण आम्ही मानतो. आमचे भांडण डॉक्टरांशी नाही. पायऱ्या बांधणाऱ्या धोरणाशी आहे.

नॅनो औषधे महागच असणार, तंत्रज्ञान परदेशी, कच्चा माल दुर्मीळ, आपण काय करणार, असे सांगितले जाते. यात थोडे तथ्य आहे. लायपोसोमला अतिशुद्ध फॉस्फोलिपिड लागते आणि २०२१ मध्ये त्याचाच तुटवडा पडला होता. परंतु उरलेले खरे नाही, आणि त्याचे पुरावे आमच्याच शहरात आहेत.

पहिला पुरावा परळचा. लायपोसोमल अँफोटेरिसिन भारतात विकसित करण्याचे पायाभूत काम महापालिकेच्या केईएम रुग्णालयात व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांच्या साथीने केले. म्हणजे जे औषध मिळावे म्हणून २०२१ मध्ये मुंबईकर वणवण फिरला, ते कसे बनवायचे हे मुंबईच्या करदात्याच्या रुग्णालयाला फार आधीपासून ठाऊक होते.

दुसरा पुरावा अंधेरीचा. २०१२ मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’चा तुटवडा होता. तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोणाकडे धाव घेतली? त्या वेळी अंधेरीत मुख्यालय असलेल्या सन फार्मा या कंपनीच्या ‘लिपोडॉक्स’कडे. ते तात्पुरते आयात करण्याची परवानगी दिली गेली आणि २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला रीतसर मंजुरी मिळाली. अमेरिकेच्या कर्करोग्याला नॅनो औषध पुरवण्याची क्षमता आमच्या उपनगरातल्या कंपनीत होती. मग अंधेरीच्या झोपडपट्टीतल्या कर्करोग्यापर्यंत ते पोहोचायला अडचण तंत्रज्ञानाची असते, असे कोण म्हणेल?

तिसरा पुरावा वर्ध्याचा. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात अँफोटेरिसिनचे इमल्शन इंजेक्शन बनू लागले आणि त्याची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली. इमल्शन आणि लायपोसोम ही तंतोतंत एकच गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दोन्हींत चरबीच्या सूक्ष्म कणांचाच आधार आहे. सात हजारांच्या बाजारात एक पर्याय बाराशेत उभा राहतो, तेव्हा ‘महागच असणार’ या युक्तिवादाचे पितळ उघडे पडते.

आणि चौथा पुरावा बिहारचा, जो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काळाआजार हा वाळूमाशीच्या चाव्याने होणारा, न उपचारल्यास जीव घेणारा रोग. त्याचा मोठा भार मुसहरांसारख्या अतिदलित जातींवर पडत आला. २०१४ पासून भारत सरकारच्या काळाआजार कार्यक्रमात लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस हा पहिल्या पसंतीचा उपचार ठरला. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गिलियाड कंपनीकडून ते दानात मिळाले आणि सरकारी दवाखान्यात रुग्णाला फुकट दिले गेले. ज्या मुसहराच्या टोल्यात धड रस्ता नव्हता, तिथल्या माणसाला जगातले एक महागडे नॅनो औषध मिळाले. कंपनीचे दान हा कायमचा मार्ग होऊ शकत नाही, हे खरे. पण यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: सरकारने ठरवले तर नॅनोचा कण शेवटच्या माणसापर्यंत जातो. बिहारमध्ये ठरवले म्हणून गेला. मुंबईत आधी ठरवले नव्हते म्हणून अडला.

महाराष्ट्र सरकारने मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे उपचार जनआरोग्य योजनेत मोफत देण्याचा निर्णय घेतला, केंद्राने राज्यांना औषधाचा कोटा ठरवून दिला आणि १२ जून २०२१ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने अँफोटेरिसिनवरील कर शून्य केला. या निर्णयांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आग लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार होता. ज्यांचे डोळे जायचे ते तोवर गेले होते.

आता कायद्याकडे वळू. कारण इथेच खरी गोम आहे आणि आमच्या चळवळीने याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ‘औषधाचा कण लहान केला तर ते औषध नवे की जुने?’ या एकाच प्रश्नाला आपले तीन कायदे तीन उत्तरे देतात.

पहिला कायदा पेटंटचा. २००५ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) ला एक स्पष्टीकरण जोडले गेले. ज्ञात औषधाचे क्षार, स्फटिकरूपे, मिश्रणे इत्यादी रूपे परिणामकारकतेत लक्षणीय फरक असल्याशिवाय तेच औषध मानली जातील, असे ते सांगते. त्या यादीत दोन शब्द आहेत: ‘कणांचा आकार’. वाचकांनी हे शब्द नीट ध्यानात ठेवावेत. म्हणजे केवळ कण लहान केला म्हणून वीस वर्षांची मक्तेदारी मिळणार नाही. रुग्णाला अधिक गुण येतो हे सिद्ध करावे लागेल. १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी पक्के केले. औषध शरीरात जास्त शोषले जाते एवढ्यावरून परिणामकारकता वाढली असे गृहीत धरता येणार नाही, ते संशोधनाच्या आकडेवारीने दाखवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. नॅनो औषधांच्या बाबतीत नेमका हाच दावा वारंवार केला जातो. तेव्हा हे कलम गरीब रुग्णाची ढाल आहे, आणि म्हणूनच ते बड्या परदेशी कंपन्यांच्या डोळ्यांत सलत आले आहे.

दुसरा कायदा किमतीचा. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ अन्वये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत लागू होते. पण त्या यादीच्या खुलाशात अशी तरतूद आहे की, लिपिड वा लायपोसोमल यांसारखी नव्या वहनपद्धतीची रूपे यादीत स्पष्टपणे लिहिली असतील तरच ती समाविष्ट मानायची. म्हणजे औषध यादीत आहे, पण त्याचे नॅनो रूप लिहिलेले नाही, तर ते किंमत नियंत्रणाच्या बाहेर! त्याहीपुढे जाऊन, याच आदेशाच्या परिच्छेद ३२ मध्ये देशी संशोधनातून विकसित झालेल्या नव्या वहनपद्धतीच्या नव्या औषधाला पाच वर्षे किंमत नियंत्रणातून सूट आहे. पेटंट कायदा म्हणतो, ‘कण लहान केला तरी औषध तेच’. किंमत कायदा म्हणतो, ‘कण लहान केला ना, मग औषध वेगळे’. हे दोन कायदे एकाच संसदेच्या छत्राखालचे आहेत!

अँफोटेरिसिनच्या बाबतीत यादीत साधे आणि लिपिड-लायपोसोमल अशी दोन्ही रूपे लिहिलेली आहेत. तरीही त्याची किंमत हजारांत राहिली. याचे कारण कमाल किंमत ठरवण्याच्या रीतीत आहे. ही किंमत उत्पादनाच्या खर्चावरून ठरत नाही, तर बाजारातील कंपन्यांनीच लावलेल्या किमतींची सरासरी काढून तिच्यावर विक्रेत्याचा नफा चढवून ठरते. सगळ्यांनीच महाग विकले तर सरासरीही महागच येणार. या औषधाला पेटंटची आडकाठी नव्हती, भारतीय कंपन्या ते बनवतच होत्या. म्हणजे पेटंट अडवले की काम झाले, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

तिसरा कायदा माणसावरील चाचण्यांचा. नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ नुसार जुन्या औषधाची नवी वहनपद्धती ‘नवे औषध’ ठरते, त्यामुळे तिला परवानगी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. इथवर ठीक. पण याच नियमांत दुर्बल घटकांतील व्यक्तींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण नव्या रेणूच्या चाचणीसाठी बंधनकारक केले आहे. नॅनो रूपात रेणू तर जुनाच असतो. मग ते चित्रमुद्रण लागू होते का? कंपनीचा वकील ‘नाही’ म्हणेल, आणि नियमाच्या शब्दांवर बोट ठेवून म्हणेल.

ही शंका पोकळ नाही. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प आदिवासी व गरीब मुलींवर राबवला गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या होत्या. चाचणीसाठी शरीर कोणाचे लागते, आणि औषध तयार झाल्यावर ते कोणाला मिळते, हा हिशेब आमच्या समाजाने कधीही विसरू नये. नॅनो कण यकृतात, प्लीहेत साठून राहू शकतात. त्यांचे दूरगामी परिणाम तपासण्यासाठी वर्षे जावी लागतात. म्हणून संमती अधिक काटेकोर हवी, सैल नव्हे.

तिन्ही कायद्यांचा एकत्र अर्थ काय निघतो? सवलत मागताना औषध नवे, रुग्णाच्या संरक्षणाची वेळ आली की रेणू जुना! पेटंटच्या दारात मात्र कलम ३(ड) ने ही दुटप्पी चाल रोखून धरली आहे. जे पेटंटच्या दारात जमले ते किमतीच्या आणि संमतीच्या दारात का जमू नये?

आता पवईकडे या. अंधेरीहून मुलुंडकडे जाताना मध्ये आयआयटीचे विस्तीर्ण आवार लागते. १९५८ पासून ही संस्था जनतेच्या पैशावर उभी आहे. २००६ मध्ये इथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे उत्कृष्टता केंद्र सुरू झाले. इथल्या ‘नॅनोबायोस’ प्रयोगशाळेत सोन्याचे सूक्ष्म कण तापवून कर्करोगाची गाठ जाळण्यासारख्या उपचारांवर काम झाले आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’साठी पाच वर्षांकरिता एक हजार कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आकाशातून पडलेला नाही. बिस्किटाच्या पुड्यावर आणि रॉकेलच्या डब्यावर कर भरणाऱ्या माणसाचा तो पैसा आहे. त्याच पवईत ६ जून २०२४ रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर, जयभीम नगरातील शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या. एकीकडे अब्जांश मीटरवर नजर ठेवणारे सूक्ष्मदर्शक आणि दुसरीकडे शेजारच्या माणसाचे घर न दिसणारी व्यवस्था!

विज्ञानाशी आमचे वैर नाही. संविधानाने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे आणि आंबेडकरी माणसाने ते मनापासून मानले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जनतेच्या पैशाने झालेला शोध कंपनीला देताना करारातच किमतीची अट घालावी. सरकारी रुग्णालयांना ते औषध अमुक दरानेच मिळेल, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. आणि कशावर संशोधन करायचे हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आमची मुले-मुलीही बसलेली असावीत. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी याच आवारात दर्शन सोळंकी या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या समितीला तो आढळला नाही. पण प्रयोगशाळेत आमच्या मुलांना माणूस म्हणून टिकता येते का, हा प्रश्न कुठल्याही अहवालाने मिटत नाही. ज्यांच्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, तो मुलगा संशोधक झाला तर क्षयाच्या नॅनो औषधावर काम करील, ही शक्यता मोठी असते.

मग आपण काय करायचे? केवळ सरकारला शिव्या घालून आमचे काम संपत नाही.

पेटंटच्या दारात सामान्य माणूस उभा राहू शकतो, हे मुंबईनेच दाखवून दिले आहे. पेटंट देण्यापूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते, असे कलम २५(१) सांगते. क्षयावरील बेडाक्विलीन औषधाच्या मक्तेदारीची मुदत वाढवू पाहणाऱ्या अर्जाला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून बचावलेल्या दोन महिलांनी २०१९ मध्ये हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्याआधी ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील जे औषध महिन्याला २ लाख ८० हजारांना होते, ते ८,८८० रुपयांवर आले. ही दोन्ही औषधे नॅनो नव्हेत. पण उद्या नॅनो औषधांसाठी जायचे आहे ते दार हेच आहे. २०२४ च्या नियमदुरुस्तीने या हरकतीवर शुल्क लावले आणि ती ग्राह्य आहे की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला. दार अरुंद होत आहे. पूर्ण बंद होण्याआधी आमच्या तरुण वकिलांनी आत पाऊल टाकले पाहिजे. जयंती-मिरवणुकीसाठी आपण निधी जमवतो, त्यातला थोडा वाटा दरवर्षी एका अशा हरकतीसाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, मुलुंडचे अगरवाल, बोरिवलीचे भगवती, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये आहेत. प्रत्येक ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन ओळींचा अर्ज करावा. कोणत्या औषधांची साधी आणि लायपोसोमल वा नॅनो अशी दोन रूपे उपलब्ध आहेत? गेल्या तीन वर्षांत प्रत्येक रूपाच्या किती कुप्या विकत घेतल्या आणि कोणत्या दराने? कोणत्या रुग्णाला कोणते रूप द्यायचे याचा लेखी निकष काय? या तीन उत्तरांतून आमच्या वस्त्यांना कोणत्या पायरीचे औषध मिळते ते कागदावर येईल. कागदावर आले की न्यायालयात जाता येते.

तिसरे काम मागणीचे. जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांचे झाले आहे. परंतु चौदा दिवसांच्या एका औषधाचाच हिशेब ५ लाख ८८ हजार निघाला होता, हे आपण वर पाहिले. म्हणून नुसती रकमेची मर्यादा वाढवून भागणार नाही. उपचाराच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ज्या औषधाचे नॅनो रूप पहिल्या पसंतीचे आहे, ते अत्यावश्यक यादीत नावानिशी लिहावे, त्याची किंमत उत्पादनखर्चावरून ठरवावी आणि ते सरकारने थेट विकत घेऊन साठवावे. नॅनो रूपांच्या चाचणीतही संमतीचे चित्रमुद्रण बंधनकारक करावे. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे, आणि आरोग्याचा हक्क हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच सांगून ठेवले आहे. आम्ही भीक मागत नाही.

घाटकोपरच्या त्या कार्यकर्त्याला त्या रात्री आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. नाही भाऊ, नाव एकच असले तरी औषध एक नाही. तुझ्या मेहुण्याला जे हवे होते ते बनवण्याची विद्या याच शहरात होती, ते बनवणारे कारखाने याच देशात होते आणि ते मागण्याचा हक्क संविधानात होता. नव्हती ती फक्त आपली तयारी. पुढच्या साथीच्या आधी ती झाली पाहिजे.